पत्र्याच्या पेटीतील खाण

कर्नाटक राज्यात, बंगळूरच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर, कोलार गोल्ड फील्ड्स नावाचे एक गाव आहे. तेथे जाणाऱ्या प्रवाशाचे लक्ष गावाआधी तेथील डोंगरांकडे जाते. ते करड्या रंगाचे, बोडके आणि वरून सपाट असे आहेत. हे डोंगर निसर्गाने घडविलेले नाहीत. ते माणसांच्या हातचे आहेत. शंभराहून अधिक वर्षे जमिनीच्या पोटातून येथे दगड वर काढला गेला. तो कुटून त्याचे पीठ करावयाचे, सायनाइड या विषारी द्रव्याच्या पाण्यात त्यातील सोने विरघळवून घ्यावयाचे आणि उरलेला चोथा बाहेर टाकावयाचा, असा येथील क्रम होता. त्या चोथ्याचे हे ढीग आहेत. लोक त्यांना सायनाइडचे डोंगरच म्हणतात. उन्हाळ्यात वारा सुटला, की त्यांची धूळ घराघरांत शिरते.

या डोंगरांच्या पायथ्याशी कामगारांच्या ठेंगण्या घरांच्या रांगा आहेत. एक भिंत दोन घरांना पुरते, अशी ही घरे. प्रत्येक रांगेला तेथे ‘लाइन’ म्हणतात. समजा, अशाच एका घरी रविवारच्या सकाळी आपण जाऊन बसलो आहो. ऐंशी वर्षांची एक आजी आणि तिची बारा वर्षांची नात यांनी एक गंजलेली पत्र्याची पेटी पुढे ओढली आहे. घरातली भाषा तमिळ आहे; नात आजीला ‘पाट्टी’ म्हणून हाक मारते. शाळेतील बाईंनी मुलांना आपापल्या घराण्याची माहिती लिहून आणण्यास सांगितले आहे. वहीचे पान अजून कोरे आहे.

पेटीत लग्नपत्रिका आहेत, रेशनकार्ड आहे, कापडात गुंडाळलेला पितळी बिल्ला आहे आणि तळाशी एका जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली छायाचित्रे आहेत.

सर्वांत जुने छायाचित्र मोठे असून जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले आहे. पुढे जमिनीवर ठेवलेल्या पाटीवर खडूने १९३६ हा आकडा लिहिलेला स्पष्ट दिसतो. मागे खाणीच्या तोंडावरचा उंच लोखंडी मनोरा आहे. त्याच्या माथ्यावरील चाकांवरून जाड तारांचे दोर गेलेले असत आणि त्यांना टांगलेला पिंजरा माणसांना घेऊन खाली उतरे. मनोऱ्यापुढे चाळीस-पन्नास माणसे आहेत. ती कशी मांडली आहेत, हे पाहण्यासारखे आहे. मधोमध खुर्च्यांवर हॅट घातलेले गोरे अधिकारी बसले आहेत. त्यांच्या मागे कोट-पागोटे घातलेले कारकून आणि मुकादम उभे आहेत. आणि सर्वांच्या पुढे, जमिनीवर मांडी घालून, उघड्या पायांची माणसे बसली आहेत. छायाचित्राच्या खाली इंग्रजीत नावे छापली आहेत. ती खुर्च्यांवरील माणसांची आहेत. जमिनीवर बसलेल्यांच्या खाली नुसता पुठ्ठा आहे.

“डावीकडून तिसरा तो तुझा पणजोबा,” पाट्टी म्हणते.

नात डोळे बारीक करून पाहते. तिसऱ्या माणसाचा चेहरा पुसट आहे. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यापुढे क्षणभर तरी स्तब्ध बसावे लागे. ज्याने मान हलविली, त्याचा चेहरा काचेवर फिसकटून जाई. पणजोबांनी त्या क्षणी मान वळविली असावी. कोणी हाक मारली होती, की माशी बसली होती, कोण सांगणार!

हे पणजोबा तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील उत्तर अर्काट जिल्ह्यातून लहानपणी येथे आले. त्यांच्यासारखे हजारो आले. गावी जमीन नव्हती, वर्षानुवर्षांचा दुष्काळ होता आणि ज्यांना वेशीबाहेर ठेवले जाई, अशा जातींतील माणसांना तर मजुरीसुद्धा मानाने मिळत नव्हती. खाणीत निदान दर आठवड्याला हातात रोख पैसा पडेल, ही आशा त्यांना येथे घेऊन आली. विसाव्या शतकाच्या आरंभी या खाणींवर पंचवीस-तीस हजार माणसे राबत होती.

येथे सोने आहे, ही गोष्ट मात्र फार जुनी. १८०२ साली इंग्रजांच्या फौजेतील जॉन वॉरन नावाच्या अधिकाऱ्याने या भागाची पाहणी केली, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील लोकांनी माती पाण्यात धुऊन तिच्यातील सोन्याचे कण त्याला काढून दाखविले होते. पुढे १८७० नंतरच्या दशकात मायकेल लॅव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाने म्हैसूर सरकारकडून खणण्याचा परवाना मिळविला आणि १८८० च्या सुमारास जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने काम हाती घेतले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातून खाणकामात मुरलेली माणसे आली. खाणींच्या यंत्रांसाठी कावेरीच्या शिवसमुद्रम् धबधब्यावर वीज निर्माण करून ती सुमारे दीडशे किलोमीटर तारांवरून येथे आणण्यात आली, ती १९०२ साली. बंगळूर शहरात विजेचे दिवे त्यानंतर तीन वर्षांनी लागले. राजधानीआधी वीज मिळावी, एवढे त्या दगडाचे मोल होते.

दुसरे छायाचित्र पाट्टीच्या स्वतःच्या लग्नाचे. ते स्टुडिओत काढलेले आहे. मागच्या पडद्यावर संगमरवरी खांब, कारंजे आणि एक हंसही रंगविलेला आहे. या गावात हंस कोणी पाहिला होता, हा प्रश्न निराळा! नवरा मुलगा ताठ उभा आहे. त्याच्या अंगातील कोट खांद्यांवर किंचित मोठा आहे, कारण तो छायाचित्रकाराचा आहे. लग्नासाठी येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच कोट मिळे. डाव्या हाताची बाही मुद्दाम वर सारून मनगटावरील घड्याळ दिसेल असे केले आहे. तेही कोटाबरोबरचेच.

“आणि तुझे सोन्याचे दागिने कुठे आहेत, पाट्टी?” नात विचारते.

पाट्टी हसते. हळदीच्या दोऱ्यातील मंगळसूत्रात गुंजभर सोने होते, तेवढेच. ते तिच्या वडिलांनी बाजारातून विकत आणले होते. खाणीतले सोने पूर्वी सातासमुद्रापलीकडे इंग्लंडला जाई. ते काढणाऱ्या माणसाची मात्र पाळी संपवून वर आल्यावर फाटकाशी झडती होत असे. केसांत, धोतराच्या निऱ्यांत, डब्यात दगडाचा तुकडा लपविला आहे काय, हे पाहिले जाई. सुमारे एकशेवीस वर्षांत येथून जवळजवळ ८०० टन सोने निघाले. सुरुवातीच्या वर्षांत एक टन दगडातून चाळीस ग्रॅमांहून अधिक सोने हाती येई. शेवटी शेवटी ते पाच ग्रॅमांच्याही खाली आले. म्हणजे पूर्वीइतक्याच सोन्यासाठी आठपट, दहापट दगड फोडावा लागू लागला.

यानंतरचे छायाचित्र तळहातावर मावेल एवढे लहान आहे. नात ते बाजूला टाकणार, तोच पाट्टी ते उचलून घेते. एका नातलगाने कोणाचा तरी कॅमेरा मागून आणून ते काढले होते. घराच्या दारात तरुण पाट्टी उभी आहे, कडेवर मूल आहे, उंबऱ्यापाशी घागरी मांडल्या आहेत. छायाचित्र किंचित तिरके आले आहे; घर घसरून पडेल की काय, असे वाटते. दाराच्या वरच्या बाजूस भिंतीला एक भेग गेलेली आहे. छायाचित्रातील बाईपेक्षा ती भेगच अधिक ठळक दिसते.

“घर तेव्हा नवे होते ना? मग भिंत कशी तडकली?”

भेगेचे कारण समजण्यासाठी खाणीची खोली लक्षात घ्यावी लागते. येथील चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरांहूनही अधिक खोल गेली होती. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. एका कळसूबाईवर दुसरी ठेवली, तर जेवढी उंची होईल, जवळजवळ तेवढे अंतर ही माणसे जमिनीखाली जात. इतक्या खोलीवर वरच्या खडकाचा भार भयंकर असतो. त्यात बोगदा कोरला, की त्या जागी दगडाने तोलून धरलेला भार आजूबाजूच्या दगडावर पडतो. तो त्याला सोसेनासा झाला, की खडक तोफेसारखा आवाज करून एकाएकी फुटतो. खाणीतील लोक याला ‘एअर ब्लास्ट’ म्हणत. मोठा एअर ब्लास्ट झाला, की वर गावातही जमीन हादरे, मांडणीवरील भांडी खाली येत आणि भिंती तडकत.

पाट्टी सांगते, की भूकंप झाला तर माणसे घराबाहेर पळून मोकळ्या जागी उभी राहतात. पण येथे जमीन हादरली, की बायका पदर खोचून खाणीच्या तोंडाकडे धावत सुटत. कोणाचा नवरा त्या पाळीला आहे आणि कोणाचा मुलगा, हे प्रत्येकीला पाठ असे. मग पिंजरा वर येईपर्यंत त्या मनोऱ्याची चाके बघत उभ्या राहावयाच्या. चाके फिरू लागली, की कोणीतरी वर येत आहे, एवढे कळे. कोण येत आहे आणि कसा येत आहे, ते मात्र पिंजऱ्याचे दार उघडल्यावरच कळावयाचे.

या छायाचित्रात आणखी एक गोष्ट आहे. घराच्या छपराच्या वर, मागच्या बाजूला, सायनाइडच्या डोंगराची कड दिसते. १९३६ च्या छायाचित्रातही मनोऱ्याच्या डाव्या अंगाला तोच डोंगर आहे. पण तेथे तो मनोऱ्याच्या कमरेएवढा आहे. नात दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी ठेवते. मग ती पेटीतील आणखी दोन-तीन छायाचित्रे काढून त्यांतही डोंगर शोधू लागते. ज्या चित्रावर साल लिहिलेले नाही, त्याचा अदमास डोंगराच्या उंचीवरून बांधता येतो, ही युक्ती तिला कोणी शिकविलेली नाही.

एका छायाचित्रात फुलांनी सजविलेल्या बुद्धाच्या तसबिरीपुढे मुले ओळीने बसली आहेत. नागपूर येथे १९५६ साली झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची धम्मदीक्षा आपल्याला ठाऊक आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या आरंभीच, तमिळ विचारवंत पंडित अयोत्तिदास यांच्या शिकवणुकीने या खाणगावातील काही कामगार कुटुंबे बौद्ध झाली होती. या ओळीतील चौथी मुलगी म्हणजे पाट्टीच.

आणखी एक मोठे छायाचित्र निघते. तोच मनोरा, तशाच रांगा. पण खुर्च्यांवर आता भारतीय अधिकारी आहेत. १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी आपल्या ताब्यात घेतल्या आणि १९६२ मध्ये त्या भारत सरकारकडे आल्या. हे छायाचित्र त्यानंतरचे. खुर्च्यांवरील माणसे बदलली, हॅट गेल्या. खाली छापलेली नावे अजून खुर्च्यांवरच्यांचीच आहेत. पुढे जमिनीवर बसलेल्यांच्या पायांत आता बूट व डोक्यावर टणक टोप्या आहेत, हा फरक लहान नव्हे. त्यांत उजवीकडून दुसरा तरुण म्हणजे नातीचे आजोबा, तिचे ‘ताता’. यांनी मात्र मान हलविलेली नाही.

छायाचित्रे संपत आली. नात पेटीचा तळ चाचपून पाहते.

“पाट्टी, खाणीच्या आतला फोटो एकही नाही?”

नाही. ताता तेहतीस वर्षे खाणीत उतरले. परंतु कामावर असतानाचे त्यांचे एकही छायाचित्र घरात नाही. कामगारांच्या घरी असे छायाचित्र सहसा सापडत नाहीच. कॅमेरा ही चैनीची वस्तू होती. शिवाय खाली अंधार, धूळ, घाम. सर्वांत खोल भागात खडकाचेच उष्णतामान साठ अंशांच्या वर जाई. वरून थंड केलेली हवा खाली सोडावी, तेव्हा कोठे तेथे माणसाला उभे राहणे शक्य होई. कंपनीने, अभियंत्यांनी आणि शास्त्रज्ञांनी काढलेली भूगर्भातील छायाचित्रे ग्रंथांतून पाहावयास मिळतात. ती यंत्रांची आहेत, बोगद्यांची आहेत; क्वचित एखादा कामगार शेजारी दिसतो, तो यंत्र केवढे मोठे आहे हे कळावे म्हणून उभा केल्यासारखा.

शास्त्रज्ञ या खाणीत कशासाठी आले होते, तेही पाट्टीला ठाऊक आहे; तातांनीच सांगितले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि त्यांचे जपानी व इंग्रज सहकारी यांनी दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर आपली उपकरणे मांडली होती. आकाशातून येणारे इतर किरण एवढ्या जाड खडकात अडून जातात. न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण मात्र सहज आरपार जातात. वातावरणात निर्माण होणाऱ्या अशा न्यूट्रिनोंची खूण जगात प्रथम मिळाली ती १९६५ साली, येथे आणि दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत. विज्ञानाच्या इतिहासात ही मोठी घटना मानली जाते. त्या दिवसांत तातांच्या टोळीने जड पेट्या पिंजऱ्यात चढविल्या होत्या आणि खाली रुळांवरून ढकलत नेल्या होत्या. “पेटी सांभाळून ठेवा, दगडासारखी टाकू नका,” असे मुंबईचे ते साहेब पुनःपुन्हा बजावीत, ही गोष्ट सांगताना ताता नेहमी हसत असत. याचेही छायाचित्र पेटीत नाही. आहे ती पाट्टीच्या तोंडची गोष्ट.

पाट्टी थोडा वेळ गप्प राहते. मग उठून कपाटाच्या मागे सरकवून ठेवलेला एक तपकिरी लिफाफा काढते. त्यात क्ष-किरणांनी काढलेले छातीचे चित्र आहे. ती ते खिडकीकडे धरते. काळ्या पार्श्वभूमीवर बरगड्या पांढऱ्या दिसतात, हृदयाची सावली दिसते आणि दोन्ही बाजूंच्या फुप्फुसांत, मूठभर रवा सांडावा तसे, असंख्य पांढरे ठिपके दिसतात.

खाणीतील दगडात गारेचा अंश फार. त्याला भोक पाडताना जी धूळ उडते, तिचे कण इतके बारीक असतात, की ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि परत बाहेर पडत नाहीत. त्यांच्याभोवती फुप्फुस कठीण होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. भोक पाडताना पाण्याची धार सोडली, तर धूळ बरीच बसते. परंतु एकदा जडलेला हा रोग बरा करणारे औषध नाही. ताता शेवटच्या वर्षांत नळावरून घरापर्यंत एक घागर आणताना दोनदा थांबत. कामाच्या दिवसांत त्यांनी टनावारी दगड हलविला होता.

नात ते चित्र हातात घेते. पेटीतील इतर छायाचित्रांप्रमाणे ती तेही उलटे करून पाहते. कोपऱ्यात तातांचे नाव आहे, वय आहे, तारीख आहे. सगळ्या पेटीत तातांचे नाव लिहिलेले असे हे एकच चित्र.

खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. सोने मिळत होते त्यापेक्षा ते काढण्याचा खर्च अधिक होऊ लागला होता. पाणी उपसणारे पंप थांबले आणि खोल बोगदे हळूहळू पाण्याने भरले. नातीचे वडील पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामाला जातात व रात्री परत येतात. लाइनीतील कितीतरी घरांतील माणसे हेच करतात. काही कुटुंबे कायमची निघून गेली. जाताना कोणी पेट्या नेल्या, कोणी जुने कागद जाळून टाकले.

नात पेन उघडते, तशी पाट्टी तिला अडविते. शाई पुढे उमटते. छायाचित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने आणि हलक्या हाताने लिहावयाचे असते, हे तिने स्टुडिओवाल्याकडून ऐकले होते. मग दोघी १९३६ चे मोठे छायाचित्र पुढे घेतात. पाट्टी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवते. हा तुझा पणजोबा. हा त्याच्याबरोबर गावाहून चालत आला तो. हा फार छान गात असे. याचा एक हात पुढे खाणीत गेला. नात जमिनीवर बसलेल्यांना क्रमांक देते आणि पाठीवर त्या त्या क्रमांकापुढे तमिळमध्ये नाव लिहिते. चौदा माणसांपैकी नऊ नावे झाली. दहाव्यापाशी पाट्टीचे बोट थांबते. चेहरा ओळखीचा आहे; सासऱ्यांच्या तोंडी त्याचे नाव ती अनेकदा ऐकत होती; पण ते काही केल्या आठवत नाही.

“पलीकडच्या लाइनीत त्याची सून आहे,” ती म्हणते. “नव्वदीची झाली. पण सकाळच्या वेळी तिला सगळे आठवते.”

नात घड्याळाकडे पाहते. साडेदहा वाजले आहेत. ती छायाचित्र वर्तमानपत्रात गुंडाळते, पेन्सिल वेणीत खोचते आणि पाट्टीला उठावयास हात देते.